दोन इंजिने, एक पंखा

साखळीहून वाळपईच्या वाटेला लागले की मध्ये होंडा लागते. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात शिरायचा हा दरवाजा कित्येक वर्षे टिपरांच्या ताब्यात होता. पिसुर्ल्याच्या खाणींवरून खनिज भरून निघालेले ट्रक एकामागोमाग एक, झाडापेडांवर तांबडी धूळ आणि रस्त्याकडेला टायरवाले, वेल्डर, डिझेल पंप खोलून बसलेले फिटर. २०१२ साली खाणी बंद झाल्या आणि या सगळ्यांच्या पोटावर पाय आला. अशा पडत्या काळात, डिसेंबर २०१६मध्ये, तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी होंड्याला एका वेगळ्याच कारखान्याची पायाभरणी केली. हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल, आणि फ्रान्सची साफ्रान हेलिकॉप्टर इंजिन्स यांची ही भागीदारी. हेलिकॉप्टरची इंजिने खोलायची, तपासायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा उडण्याजोगी करून पाठवायची, एवढाच तिचा धंदा. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. निवडणुकीआधी बसणाऱ्या कोनशिलांचा गोवेकरांना दांडगा अनुभव असल्यामुळे 'बघूया' म्हणणारेही कमी नव्हते.

मुख्यतः ज्या हेलिकॉप्टरच्या इंजिनांसाठी हा खटाटोप, ते 'ध्रुव'. त्याची हकिगत या कोनशिलेपेक्षा बरीच जुनी आहे आणि तिच्यात हेलिकॉप्टरपेक्षा इंजिनाचीच धावपळ जास्त आहे.

गोव्याला हेलिकॉप्टर म्हटले की आधी आठवते ते चेतक. दाबोळीच्या नौदल तळावरून उठून किनाऱ्याकिनाऱ्याने घरघरत जाणारे, पुढे काचेचा फुगा असलेले. मूळ आराखडा फ्रेंच, बांधणी बेंगळुरूच्या एचएएलमध्ये. मोठे चिवट यंत्र, पण इंजिन एकच. हेलिकॉप्टरचे इंजिन बंद पडले म्हणजे ते दगडासारखे खाली येते असे नाही. खालून वर घुसणाऱ्या हवेने पंखा फिरत राहतो आणि वैमानिक कसलेला असेल, खाली मोकळे मैदान असेल, तर यंत्र उतरवता येते. अडचण मैदानाची आहे. समुद्रात चाळीस मैल आत मैदान कुठून आणणार? सियाचेनच्या हिमनदीवर तरी कुठून आणणार? १९७०च्या दशकात चेतक आणि चीता या हेलिकॉप्टरांची जागा घेणाऱ्या देशी हेलिकॉप्टरचा विचार सुरू झाला तेव्हा तोही एकाच इंजिनाचा होता. १९७९च्या सुमारास वायुसेना आणि नौदलाने आग्रह धरला की इंजिने दोन हवीत. त्याबरोबर वजन वाढले, आकार वाढला, खर्च वाढला आणि सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागला.

लहान हेलिकॉप्टरला दोन इंजिने बसवण्याचा धडा जगाला जर्मनांनी घालून दिला होता. म्युनिकजवळ ओटोब्रुन येथे लुडविग ब्योलको यांच्या कंपनीने १९६०च्या दशकात 'बो १०५' तयार केले. जेमतेम अडीच टनांचे यंत्र, तरी त्यात दोन इंजिने. खरी नवलाई मात्र डोक्यावर होती. तोवरच्या हेलिकॉप्टरांच्या पात्यांना मुळाशी बिजागऱ्या असत. पाते वर-खाली झुलावे, मागे-पुढे व्हावे, म्हणून. ब्योलकोंच्या अभियंत्यांनी त्या बिजागऱ्या काढून टाकल्या आणि काचतंतूंची लवचीक पाती टायटॅनियमच्या ताठ माथ्याला बसवली. झुलायचे काम पात्याच्या लवचीकपणाने करायचे. पहिला नमुना जुन्या धर्तीचा पंखा लावून जमिनीवर तपासत होते, तेव्हा कंपनांचा मेळ चुकून तो जागेवरच मोडला. दुसरा नमुना नव्या पंख्यासह १६ फेब्रुवारी १९६७ रोजी उडाला. पुढे ही हेलिकॉप्टरे हजाराहून जास्त बनली. पोलिसांनी घेतली, रुग्णवाहिका म्हणून वापरली गेली, आणि कोलांटी मारू शकणारे हेलिकॉप्टर अशीही त्यांची ख्याती झाली.

याच घराण्याकडे, म्हणजे ब्योलकोंच्या कंपनीतून पुढे झालेल्या मेसरश्मिट-ब्योलको-ब्लोमकडे, एचएएल १९८४ साली गेली. आराखड्यासाठी सल्ला द्यायचा, बांधणी बेंगळुरूत व्हायची, असा करार झाला. भारताला मात्र अडीच टन पुरणारे नव्हते. लष्कराला जवान न्यायचे होते, नौदलाला जहाजावर उतरायचे होते, वायुसेनेला डोंगरातल्या ठाण्यांवर रसद टाकायची होती आणि तटरक्षक दलाला बुडत्या मच्छीमारांना वर ओढायचे होते. चौघांचे मन राखता राखता यंत्र साडेपाच टनांपर्यंत गेले. तरी नाव 'प्रगत हलके हेलिकॉप्टर'. वायुसेनेचे एमआय-१७ तेरा टनांचे असते, त्याच्या शेजारी ठेवले तर हलके म्हणायला हरकत नाही.

आकडे पाहायचेच तर असे. चार पात्यांच्या मुख्य पंख्याचा व्यास १३.२ मीटर. फिरत्या पंख्यासकट लांबी १५.८७ मीटर. दोन वैमानिक आणि मागे बारा माणसे, दाटीवाटीने चौदा. पल्ला सव्वासहाशे किलोमीटरच्या घरात. बाहेरच्या पृष्ठभागाचा सुमारे ६० टक्के भाग धातूचा नव्हे, तंतू आणि राळ यांच्या मिश्रसाहित्याचा. खाऱ्या वाऱ्याला ते गंजत नाही. पंखा अर्थातच बिजागऱ्यांविना. असा ताठ पंखा वैमानिकाच्या हाताला चटकन ओ देतो, पण आपली थरथरही तेवढीच खाली पोचवतो. म्हणून गिअरबॉक्स आणि धड यांच्यामध्ये ती थरथर गिळणारे चार आधार बसवले. या चटपटीत पंख्याचा सगळ्यात देखणा पुरावा म्हणजे वायुसेनेचे 'सारंग' पथक. त्याची हेलिकॉप्टरे पात्याला पाते भिडेल की काय असे वाटण्याइतकी जवळ येऊन कसरती करतात, त्यामागे ओटोब्रुनची ही विद्या आहे.

२० ऑगस्ट १९९२ रोजी बेंगळुरूत पहिला नमुना हवेत गेला. त्याला फ्रान्सच्या टर्बोमेका कंपनीची, म्हणजे आजच्या साफ्रान हेलिकॉप्टर इंजिन्सची, टीएम-३३३ इंजिने होती. पुढच्या दोन वर्षांत आणखी दोन नमुने झाले. एकूण कारभार सरकारी वेगाने, पैशांच्या ओढाताणीत चालला होता. नौदलासाठीचा नमुना डिसेंबर १९९५मध्ये उडाला तो वेगळ्या, जास्त ताकदीच्या इंजिनावर. हे सीटीएस-८०० इंजिन अमेरिकी कंपन्यांचे. समुद्रावर जड सामग्री घेऊन उडायचे तर जादा अश्वशक्ती हवी आणि ती या इंजिनात होती. पुढची सगळी हेलिकॉप्टरे त्यावरच बांधायची, असे घाटत होते.

मग मे १९९८ आला. पोखरणला अणुचाचण्या झाल्या, अमेरिकेने निर्बंध लादले आणि हे इंजिन हातचे गेले. हेलिकॉप्टर तयार, चाचण्या होत आलेल्या आणि इंजिनाचा पत्ता नाही! बाहेरून इंजिन घेणाऱ्या कोणत्याही विमान कारखान्याच्या डोक्यावर ही टांगती तलवार असतेच, इथे ती पडली. एचएएल पुन्हा टर्बोमेकाच्या दारात गेली. फ्रान्सने त्या वेळी अमेरिकेची री ओढली नाही आणि टीएम-३३३ची सुमारे हजार अश्वशक्तीची सुधारित आवृत्ती पुरवायची तयारी दाखवली. तिच्यावर २००२ साली पहिली ध्रुव हेलिकॉप्टरे सैन्यदलांच्या हाती पडली. दोन इंजिनांच्या आग्रहापासून मोजले तर तेवीस वर्षे.

हजार अश्वशक्तीची दोन इंजिने गोव्याच्या किनाऱ्यावर पुरेशी होती. सियाचेनला नव्हती. हवा विरळ झाली की इंजिनाला घास कमी मिळतो आणि पात्यांना आधारही कमी मिळतो. वीस हजार फुटांवरच्या ठाण्यावर यंत्र पोचते खरे, पण काय घेऊन पोचते हा प्रश्न असतो. म्हणून एचएएल आणि टर्बोमेका यांनी २००३मध्ये एकत्र नवे इंजिन विकसित करायचे ठरवले. फ्रेंच त्याला आर्दिदेन म्हणतात, भारतात ते 'शक्ती'. ऑगस्ट २००७मध्ये त्यावर ध्रुव उडाले आणि तीच पुढे मार्क-३ आवृत्ती झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सियाचेनच्या आकाशात ध्रुवने २७,५०० फुटांची उंची गाठली. आज प्रचंड हे लढाऊ हेलिकॉप्टरही या इंजिनाच्या जोडीवर उडते.

दोन इंजिने म्हणजे दुप्पट ताकद, असा सर्वसाधारण समज असतो. खरी गंमत एक इंजिन गेल्यावर आहे. दोन्ही इंजिनांचे दांडे एकाच मुख्य गिअरबॉक्समध्ये येतात. मध्ये सायकलच्या मागच्या चाकासारखी एकाच दिशेने ओढणारी कळ असते, त्यामुळे मेलेले इंजिन जिवंत इंजिनाला धरून ठेवत नाही. उरलेल्या इंजिनाकडून संगणक मग नेहमीपेक्षा जास्त काम काढून घेतो. काही सेकंद अगदी जिवावर उदार होऊन, पुढची काही मिनिटे जरा कमी. तेवढ्यात वैमानिकाने वेग धरायचा आणि सुरक्षित जागा गाठायची. हा जादा ताण इंजिनाच्या अंगावर निघतो. अशा प्रसंगानंतर ते उतरवून तपासावेच लागते.

नौदलाचे आणि ध्रुवचे मात्र लवकर सूत जमले नाही. जहाजावरच्या हँगरमध्ये मावण्यासाठी पाती मिटल्यावर रुंदी साडेतीन मीटर हवी होती. प्रत्यक्षात ती पाच मीटरच्या वर गेली. पाणबुड्या हुडकण्याचे जे मुख्य काम नौदलाच्या मनात होते, त्यात हे यंत्र बसले नाही. महालेखापरीक्षकांनी ही गोष्ट अहवालात मांडली तेव्हा एचएएलची बरीच शोभा झाली. माझ्या मते दोष एकट्या कारखान्याचा नव्हता. चार दलांच्या चार गरजा एकाच सांगाड्यात कोंबायच्या, तर कोणाचा तरी अंगरखा तोकडा होणारच. नौदलाने अखेर अपेक्षा बदलली. जहाजावर ठेवण्याऐवजी किनाऱ्यावरच्या तळावरून टेहळणी आणि शोध-बचाव करण्यासाठी हे हेलिकॉप्टर घ्यायचे ठरले. मार्च २०१७मध्ये नौदल आणि तटरक्षक दल यांच्यासाठी प्रत्येकी १६ मार्क-३ हेलिकॉप्टरांचा करार झाला. त्यांना नाकाखाली रडार, दूरवर पाहणारा कॅमेरा आणि रुग्ण हलवायचा असेल तर आत बसवता येईल असा अतिदक्षता संच होता.

या नव्या हेलिकॉप्टरांचे नौदलातले पहिले पथक दाबोळीला उभे राहिले. १९ एप्रिल २०२१ रोजी आयएनएस हंसा तळावर 'आयएनएएस ३२३' पथक नौदलात दाखल झाले. त्या समारंभाला संरक्षण राज्यमंत्री होते श्रीपाद नाईक. पायाभरणीला एक गोमंतकीय, पथक दाखल करून घ्यायला दुसरा. हा योग राजकारण्यांनी भाषणांतून पुरेसा वापरला आहे, इथे एवढे पुरे.

सत्तरीने हेलिकॉप्टरे अगदी डोक्यावर पाहिली ती मार्च २०२३मध्ये. म्हादई अभयारण्याच्या डोंगरांत वणवे पेटले. गाडीची वाट नाही, कडे उभे, वाऱ्याने आग एका डोंगरावरून दुसऱ्यावर. वायुसेना आणि नौदल यांना बोलवावे लागले. मोर्ल्याच्या बाजूला नौदलाच्या हेलिकॉप्टरने वरून पाणी ओतले. खाली पाण्याचे ओझे टांगून न्यायला मोठी यंत्रेही आली होती. ध्रुववर त्याच आठवड्यात वेगळेच बालंट आले. ८ मार्चला मुंबईजवळ नौदलाच्या एका ध्रुवला समुद्रात उतरावे लागले. तिघेही वाचले. त्याच महिन्याच्या २६ तारखेला कोचीला तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळले. सगळा ताफा जमिनीवर आला.

मुंबईच्या अपघातात इंजिने बंद पडली नव्हती. दोष निघाला नियंत्रणाच्या दांड्यांत, ज्या वैमानिकाच्या हाताची हालचाल वर पंख्यापर्यंत पोचवतात. ॲल्युमिनियमच्या दांड्यांच्या जागी पोलादी दांड्या बसवल्या गेल्या. त्याआधी, २००५मध्ये झारखंड सरकारने भाड्याने घेतलेले ध्रुव आपटले होते, तेव्हा बिघाड शेपटीच्या पंख्यात होता. आणि ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव पडून तिघांचा जीव गेला, तेव्हा चौकशीत स्वॅशप्लेट तुटल्याचे आढळले. मुख्य पंख्याच्या खाली बसणारा हा भाग. त्याची एक चकती स्थिर, तिच्यावरची दुसरी पंख्याबरोबर फिरणारी. खालची जशी कलते तशी वरची कलते आणि फिरत्या पात्यांचे कोन बदलते. हेलिकॉप्टर उजवीकडे जायचे की डावीकडे, चढायचे की उतरायचे, ते इथून ठरते. ती तुटली तर वैमानिकाच्या हातात नुसता दांडा उरतो.

दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरची ही दुखरी जागा आहे. इंजिने दोन घेता येतात, संगणक दोन, हायड्रॉलिकचे संच दोन. पण गिअरबॉक्स एक, पंख्याचा खांब एक, स्वॅशप्लेट एक, शेपटीचा पंखा एक. १९७९मध्ये वायुसेना आणि नौदलाला भीती होती ती इंजिनाची. ध्रुवच्या गाजलेल्या अपघातांत नावे आली ती एकुलत्या एक भागांची. जर्मन, फ्रेंच, अमेरिकी, या घडणीचे कोणतेही हेलिकॉप्टर याला अपवाद नाही. तिथे उपाय जोडी लावण्याचा नसतो. धातूच्या दर्जाचा आणि तपासणीच्या काटेकोरपणाचा असतो. पोरबंदरनंतर तीनशेहून अधिक हेलिकॉप्टरांचा ताफा काही महिने बसून राहिला. मे २०२५मध्ये लष्कर आणि वायुसेनेच्या ध्रुवना उडायची परवानगी मिळाली. समुद्रावरच्या ध्रुवना आणखी थांबावे लागले.

होंड्याच्या कारखान्याचा संबंध यातल्या जोडीच्या बाजूशी आहे. पायाभरणीच्या वेळी सांगितले गेले ते असे: सुरुवातीला वर्षाला ५० इंजिने, पुढे १५०, टीएम-३३३ आणि शक्ती या दोन जाती, आणि काम २०१८च्या अखेरीस सुरू. भारताच्या सैन्यदलांकडे या फ्रेंच घराण्याची हजारभर इंजिने होती, त्यांत टीएम-३३३ अडीचशे आणि शक्ती अडीचशे. गिऱ्हाईक आयते होते. तरी २०१८ टळले, पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी गेले, मग करोना आला आणि तारीख पुढे पुढे सरकत राहिली.

अशा कारखान्यातले काम ट्रकच्या गॅरेजपेक्षा शस्त्रक्रियेच्या दालनाला जवळचे असते. दोन माणसांच्या कवेत येईल एवढे हे इंजिन, पण आतली चक्रे मिनिटाला तीस-चाळीस हजार फेऱ्यांच्या घरात फिरतात. गिअरबॉक्समधून येता येता त्या उतरत जातात आणि वरच्या पंख्यापाशी जेमतेम तीनशे उरतात. इंजिन आले की आधी ते न खोलताच पाहतात. अंगावर मुद्दाम ठेवलेली लहान भोके असतात. त्यांतून टोकाला कॅमेरा असलेली बारीक नळी आत सोडायची आणि चक्र हाताने हळूहळू फिरवत एकेक पाते पडद्यावर न्याहाळायचे. पात्याच्या कडेला बोटाच्या नखालाही न लागणारा टवका दिसला तरी त्याची मोजमापे घेतात. सियाचेनहून आलेल्या इंजिनाची दुखणी वेगळी, राजस्थानच्या वाळूतून आलेल्याची वेगळी. समुद्रावरच्या इंजिनाला मीठ खाते. म्हणून अशा तळांवर खारी हवा खाऊन आलेल्या इंजिनात शुद्ध पाणी फवारून ते आतून धुवावे लागते. धुण्यात आळस झाला की दोन-तीन वर्षांनी दुरुस्तीच्या टेबलावर तो उघडा पडतो. शेवटी इंजिन जोडून चाचणीच्या बंद खोलीत बांधायचे, पूर्ण ताकदीवर चालवायचे, आणि आकडे जुळले तरच सही करायची. पर्रीकर आयआयटी मुंबईचे धातुशास्त्राचे अभियंते होते. त्या एका पात्याच्या मिश्रधातूवर ते तासभर बोलू शकले असते.

सत्तरीच्या पोरांना इथे किती कामे मिळतील, हा प्रश्न वाळपईच्या बाजारात पहिल्या दिवसापासून विचारला जातो आणि तो रास्त आहे. खाणीवर हजारोंना काम होते. टिपर चालवायला शाळा पुरी केलेली नसली तरी चालत असे. इथे माणसे लागतात थोडी आणि ती वर्षानुवर्षे घडवावी लागतात. विमानाच्या इंजिनावर हात ठेवायला परवाना लागतो, परवान्याला शिक्षण, अनुभव आणि इंग्रजी पुस्तिका न अडखळता वाचता येणे. एखादा कारखाना खाणीची भरपाई करील असे सांगणाऱ्यांनी दोन्हीकडचे हजेरीपट शेजारी ठेवून पाहावेत.

एचएएल आणि साफ्रान यांची जोडी तिथेच थांबलेली नाही. बेंगळुरूत तेरा टनांच्या नव्या हेलिकॉप्टरचा आराखडा चालू आहे, एमआय-१७ची जागा घ्यायला. त्याच्यासाठी दोघांनी वेगळी भागीदारी केली आणि २०२४मध्ये नव्या इंजिनाचे 'अरावली' असे नाव जाहीर झाले. या खेपेला हेलिकॉप्टर उडाल्यावर इंजिनासाठी दारोदार फिरायची पाळी येऊ नये, म्हणून दोन्हींचे काम बरोबरच हाती घेतले आहे.